डेटमधला मुका बी

संपादक साहेब,

इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायचा नाद एकदा लागला की सुटत नाही, म्हणून हे पत्र. मसल म्हणजे लॅटिनमध्ये चक्क छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतोय असं वाटलं असणार त्यांना! आणि स्कूलच्या मुळाशी ग्रीक 'स्खोले' म्हणजे फुरसत, पोरांना सांगून बघा, हसतील.

पण खरी गंमत स्पेलिंगमध्ये आहे. कर्जाला डेट म्हणतात, त्यात बी कुठून आला? १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांची फ्रेंच तिथे रुजली, तिच्यातून हा शब्द आला तेव्हा इंग्रजीत बी नव्हताच, मग पुढे विद्वानांना त्याचं लॅटिन मूळ 'डेबिटम' आठवलं आणि त्यांनी तो घुसडला, उच्चार मात्र जुनाच राहिला. आयलंडमधला एस तर निव्वळ चुकून, शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, बेटाला लॅटिनमध्ये जे 'इन्सुला' म्हणतात त्याच्याशी काही नातं नाही. आणि आपण मुलांना म्हणतो घोका!

पुरवणीत शब्दांच्या जन्मकथांचं एक सदर सुरू करा ना. फक्त रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा ही गोष्ट नको, सॅलरी शब्द मिठावरूनच आलाय पण त्या गोष्टीला पक्का पुरावा नाही.

– एक वाचक