ब्रिजेटचा वजनकाटा

पुणे, रविवार सकाळ

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

तू दिलेली हेलन फील्डिंगची कादंबरी ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ काल रात्री वाचून संपवली आणि आज चहा होताच लिहायला बसले. फोनवर तू मला मध्येच थांबवलं असतंस. तुझं लाडकं पुस्तक आहे, म्हणून नीट सांगते. मला नाही आवडलं गं.

पहिल्याच नोंदीला अडखळले. एक जानेवारी, वजन नऊ स्टोन तीन पौंड. हिशेब केला, तर साडेअठ्ठावन्न किलो! एवढ्याशा वजनाची ही ब्रिजेट वर्षभर काट्यावर उभी राहते, कॅलरी मोजते, आणि दिवस बरा की वाईट हे त्या आकड्यांवर ठरवते. एकदा तिला हवं तेवढं वजन उतरतंही, तर मित्रमैत्रिणी म्हणतात, दमलेली दिसतेस, आधीच बरी होतीस. पुस्तकातलं सगळ्यात खरं पान हेच. आता तरी ही काटा माळ्यावर टाकेल असं मला वाटलं. पण नाही, पुढे पुन्हा तेच आकडे. हॉस्टेलवर आपण रात्रीचं जेवण सोडायचो आणि मेसच्या मावशी ताट घेऊन मागे लागायच्या, आठवतं? तेव्हा माझं वजन पंचेचाळीसही नव्हतं. मला हसू आलंच नाही.

डॅनियलच्या प्रकरणाशी तर पुस्तक मिटून ठेवलं होतं. तो तिचा साहेब. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिच्या आखूड स्कर्टवरून निरोप पाठवतो, आणि ती खुलते, त्याच सुरात उत्तर देते. पुस्तक १९९६ चं, लंडनमधलं. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ च्या ऑगस्टमध्ये आला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडलं. मी तीन वर्षं आमच्या ऑफिसच्या, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे. समोर बसलेल्या मुलींकडून ऐकते ना, सुरुवात अशीच असते. कपड्यांवरून एखादा निरोप. मुलगी हसून उत्तर देते, कारण साहेबाला तोडून कसं बोलायचं? आणि पुढे चौकशीत तेच उत्तर तिच्यासमोर ठेवतात. ब्रिजेटला तो मनापासून आवडतो, मान्य. तरी त्याच्या खुर्चीचं वजन लेखिकेने एकदा तरी जाणवू द्यायला हवं होतं.

तू म्हणशील, अगं, ही जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चीच गोष्ट आहे. म्हणून तर जास्त लागलं. धाकटी बहीण लिडिया पळून जाते, ते प्रकरण तिथेही नायक डार्सीच निस्तरतो, पण त्याआधी नायिका एलिझाबेथने त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचून आपली चूक आपणच ओळखलेली असते. ब्रिजेटच्या वाट्याला तसं एक पानही येत नाही. आईला फसवून पैसे घेऊन पळालेल्या माणसाला इथला नायक मार्क डार्सी शोधून आणतो आणि गोष्ट संपते. ब्रिजेट स्वतः होती तिथेच. हुशार आहे गं ती, बोलते किती छान! अशा मुलीला वर्षभर धडपडायला लावून शेवटी कुणाच्या तरी हाती सोपवलं, याचा मला फार राग आला.

निळ्या सुपाचा प्रसंग मात्र मी दोनदा वाचला. स्वयंपाकाचा पार विचका होतो, तरी मित्रमैत्रिणी तिला सोडून उठत नाहीत. तिथे तुझी आठवण आली.

पुस्तक दादाबरोबर पाठवतेय. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ते खोडू नकोस. त्यालाच उत्तर लिही.

तुझी,
मीना