चौकोनांवर लिहिणारी मुलं

बडोदे,
शनिवार रात्र

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, सातवीच्या मुलांना कॉम्प्युटरवरच्या चित्रांबद्दल कशाला लिहायला लावतेस, त्यांना साधा निबंध धड जमत नाही. तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

दांडिया बाजारातल्या आमच्या शनिवारच्या वर्गात येणारी मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी. कुठलंही चित्र दाखव, वहीत एकच वाक्य येतं: 'चित्र खूप सुंदर आहे.' पुढे पेन सरकत नाही. म्हणून मी मुद्दाम असं चित्र घेतलं की ज्याला पटकन सुंदर म्हणवत नाही. गेऑर्ग नेस या जर्मन माणसाने 1968 च्या सुमारास संगणकाकडून काढून घेतलेलं 'शॉटर'. एका ओळीत 12 चौकोन, अशा 22 ओळी, नुसत्या रेघांच्या. वर सगळे कडेला कड लावून शिस्तीत, खाली येऊ तसे कलत, सरकत जातात आणि तळाशी पार विस्कटतात.

आधी दिसतं ते लिहा, वाटतं ते नंतर, एवढंच सांगितलं. एक मुलगी बिघाड कुठून सुरू होतो ते पट्टी लावून शोधायला बसली. शेजारच्याला वेगळीच ओळ वाटत होती. दोघं जुंपले, आणि त्या वादातून वहीत उतरलं, 'इथे या चौकोनाची कड शेजारच्याला टेकत नाही.' असं वाक्य मला हवं होतं गं! एकाने लिहिलं, चित्रकार दुःखी होता. मी विचारलं, चित्रात कुठे दिसलं? तो बराच वेळ बघत राहिला, मग ते खोडून त्याने लिहिलं, 'खालचे चौकोन प्रार्थनेची रांग सुटल्यावर मुलं एकमेकांवर पडतात तसे पडलेत. मला गर्दीत हरवल्यासारखं वाटलं.'

एका पालकांनी विचारलं, बटण दाबलं की चित्र होतं, त्यात माणसाचं काय? प्रश्न रास्त आहे. मी मुलांना फासे आणि कोनमापक दिले. फाशावर पडेल तो आकडा गुणिले ओळीचा नंबर, येतील तितके अंश चौकोन तिरका काढायचा. पहिल्या ओळीत फार तर 6 अंश, बाराव्या ओळीत 72 पर्यंत. तासाभरात त्यांना कळलं की दान फाशाचं, पण ओळीगणिक गोंधळ वाढवायचा हे ठरवणारा माणूस. आता मोबाइलवर एआयने केलेलं चित्र कोणी आणलं, तर बाकीची मुलंच विचारतात, 'यातलं तू काय ठरवलंस?'

व्हेरा मोलनार या चित्रकर्तीला 1968 मध्ये संगणक वापरायला मिळाला. त्याआधी ती हातानेच, मनात यंत्र कल्पून, नियम लावून चित्रं काढायची. हे सांगितलं तेव्हा मुलांना आपल्या फाशांचा केवढा अभिमान वाटला! पुढे त्यांना कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं दाखवायला न्यायचंय. तिथेही आधी दिसतं तेच लिहायचं. डिजिटल चित्रावर जमलं ते भिंतीवरच्या चित्रावरही जमेल, अशी माझी खात्री आहे.

आता तुझ्याकडून एक हवंय. तुझ्या वर्गाला कुठलंही एक डिजिटल चित्र दाखव आणि त्यांनी लिहिलेलं मला पाठव, चित्र मात्र पाठवू नकोस. माझी मुलं नुसतं वाचून ते काढतील. जिथे रेघ चुकेल, तिथे लिहिण्यात काय राहिलं ते दोन्हीकडच्या मुलांना कळेल.

घरी सगळ्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझीच,
बडोद्याची मैत्रीण