सारसाच्या फोटोखाली बगळा?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही त्या वन्यजीव अभ्यासक बाईंवर लिहिलं, ज्या लहान मुलांसाठी प्राणी-पक्ष्यांची पुस्तकं लिहितात, ते वर्गात वाचून दाखवलं म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेच्या पेटीत पक्ष्यांचं एक चित्रपुस्तक आहे, कागद गुळगुळीत, फोटो एकदम मस्त, आन सारसाच्या फोटोखाली छापलंय ‘बगळा’. चौथीतली एक पोरगी म्हणे, "गुरुजी, हा बगळा नाई हाये, याचं मुंडकं लाल हाये, हा आमच्या बांधीतला सारस हाये." अन् तिनंच पेनानं खोडून वर लिहिलं, ‘सरस’. काना राहिला, पण अर्थ काही वाईट नाही झाला. आता तिला कोण शिकवणार, तिच्या बापाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच, जोडीनं घरटं केलं होतं, पाण्यात गवत-तणसाचा ढीग, त्यावर दोन अंडी, नर-मादी महिनाभर आळीपाळीनं बसले, हे तिनं बांधावरून रोज पाहिलेलं. उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यात उंच पाखरू हे, महाराष्ट्रात मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडंच उरलंय.

दुसरं धामणीचं. इकडं अजून म्हणतात की धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते, म्हणून दिसली की काठी. बिचारी बिनविषारी, धानातले उंदीर खाते, आणि चोखून दूध प्यायला सापाचं तोंडच तसं नसते. मी सांगितलं की पोरं माना हलवतात, घरी गेले की आजीचं खरं. तेच चित्रासकट पुस्तकात आलं तर आजीलाही वाचून दाखवतील ना बापा!

मारुती चितमपल्ली साहेब फॉरेस्टात असताना आमच्या नवेगावबांधला राहिले, पाखरांची नावं इथल्याच लोकांना विचारून घेतली. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यासारखं गावात बसून, विचारून, पण दहा वर्षांच्या पोराला समजेल असं लिहिणारे अजून पाहिजेत. पेंग्विन-पांढरं अस्वल पण असू द्या, माझी काही तक्रार नाही, पण आधी बोडीतलं, म्हणजे आमच्या छोट्या तळ्यातलं, अन् बांधीतलं येऊ द्या.

तुमच्या पुरवणीत अर्धं पान द्या अशा अभ्यासकांना. छापायच्या आधी मजकूर आमच्या चौथीकडं पाठवा, पोरं तपासून देतील, पेन तयारच आहे.

आपला,
एक मास्तर, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया