आईच्या चुलीचा धूर कोणाच्या खात्यात येतो? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

पत्रावर तुमच्या खात्याचं नाव घातलेलं नाही, कारण आईच्या चुलीचा धूर नेमका कोणाच्या खात्यात येतो हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. गॅस म्हटलं की तो केंद्राचा. चूल म्हटलं की ऊर्जेवाल्यांकडे जा. धूर म्हटलं की पर्यावरण, छाती म्हटलं की आरोग्य. म्हणून खातं सोडून मी माणसाला लिहितोय. दोन वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या आमच्या वस्तीत मांडव घालून तुम्ही कमी धुराच्या शेगड्या वाटल्यात. त्यातली एक तुमच्या हातून माझ्या आईने घेतली. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. शेगडी पलंगाखाली आहे आणि आई दवाखान्यात आहे.

मंगळवारी मी रात्रपाळीला होतो. सिलिंडर रविवारी संपलेला, पगार सात तारखेला. पहाटे चारला उठून आईने मागच्या आडोशाला अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवली. पावसाने पेट्यांच्या फळ्या भिजलेल्या होत्या. ओलं जळण पेटत नाही, धुपत राहतं. ती फुंकणीने फुंकत राहिली. खोकत होतीच, ती रोज खोकते, आम्हाला त्या आवाजाची सवय झालीय. माझ्या बायकोला जाग आली ती खोकला थांबला म्हणून. आई भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले, हातात फुंकणी तशीच.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, आजी किती वर्षं विडी ओढतात? आईने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. मग त्यांनीच विचारलं, घरात चूल आहे का? हो म्हटलं. त्यांनी कागदावर सीओपीडी लिहिलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळणारा फुप्फुसाचा आजार. म्हणाल्या, फुप्फुसं जेवढी गेली तेवढी परत येणार नाहीत, आता त्यांना धुरापासून लांब ठेवा. आमची खोली दहा बाय बारा. त्यात लांब म्हणजे कुठे, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या मुलीकडे त्याचं उत्तर कुठून असणार? ते तुमच्याकडे असायला हवं.

मी कोण ते सांगतो. टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट आहे, ठेकेदाराकडून. एकोणीस वर्षं आगीसमोर उभा राहून पोट भरतोय. आमचा बॉयलर ब्रिकेटवर चालतो, म्हणजे लाकडाचा भुसा आणि शेतातला कचरा दाबून केलेल्या कांड्यांवर. त्याची दरवर्षी तपासणी होते. बॉयलर थंड करून उघडतात, आत उतरून बघतात, तेव्हा पुढच्या वर्षाचा दाखला मिळतो. हा कायदा १९२३ सालचा, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. धुराड्याची उंची ठरलेली आहे, धुरातून किती राख जावी याची मर्यादा ठरलेली आहे. मालकाच्या आगीची सरकार शंभर वर्षं अशी काळजी घेतंय. तिथून चालत वीस मिनिटांवर माझी आई धुराडं नसलेल्या आगीसमोर बसते, आणि तिच्याकडे तपासायला कधी कोणी आलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात माण तालुका सोडून ती आणि वडील इथल्या दगडखाणीवर आले. तिने दिवसा खडी फोडली आणि रात्री चूल फुंकली. खाणीच्या धुळीने वडील गेले. आई उरली ती या धुरासाठी उरली असं मला आता वाटतं, आणि ते वाटणं सहन होत नाही.

तुमची शेगडी घरी आली त्याच रात्री मी खोलून पाहिली. यंत्र वाईट नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. लाकडाच्या वजनातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो. त्या वायूला वरून गरम हवा मिळाली तर ज्योत, नाही मिळाली तर धूर. तुमच्या शेगडीतला छोटा पंखा तीच हवा वरच्या भोकांतून देत होता. सोबत आलेल्या पोत्यातले पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या, घालून पेटवली तेव्हा धूर जवळजवळ दिसेना. आई म्हणाली, "गॅससारखंच हाय की रं." तिने तिला हळदकुंकू लावलं होतं, साहेब.

पोतं दीड महिना पुरलं. पुढचे पेलेट रेशन दुकानात मिळतील आणि सहा महिन्यांत वस्तीत दुरुस्तीचं केंद्र उघडेल, हे तुम्ही माइकवर सांगितलं होतंत. पेलेट आले नाहीत. केंद्र उघडलं नाही. कार्डावरचा फोन लागत नाही. मग आई जे मिळेल ते जाळायला लागली. आमच्याकडे काय मिळतं ते ऐका. चैत्र-वैशाखात मार्केटमधून हापूसच्या फुटक्या पेट्या. कंपन्यांनी टाकलेल्या, माल ठेवायच्या लाकडी चौकटी. नारळाच्या करवंट्या. मी पिशवीतून आणलेला ब्रिकेटचा चुरा. आणि पावसात काहीच नसलं की प्लायवूड, रंग दिलेल्या दाराची फळी, जिचा धूर नाकात शिरला की डोकं चढतं. राखेतले खिळे आई लोहचुंबकाने काढते, भंगारवाला घेतो.

ही लाकडं त्या शेगडीत घालायची तर बोटाएवढे तुकडे करावे लागतात. सत्तरीची बाई कोयता घेऊन रोज अर्धा तास लाकूड फोडत बसायची. जळण संपत आलं तर वरून घालायचं, म्हणजे उकळता टोप उतरवायचा, घालायचं, पुन्हा चढवायचा. राख आणि भाकरीचं पीठ जाऊन पंखा अडकला, तो मी दोनदा साफ केला. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी गेली. तशी बॅटरी मी तुर्भ्यापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत शोधली, मिळाली नाही.

आणि भाकरी. ती शेगडी निवडणाऱ्यांपैकी एकाने तरी तिच्यावर भाकरी करून पाहिली होती का? तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यापुढे उभी करतात, तिथे ती फुगते, पापुद्रा धरते. या शेगडीला निखारा पुढे ओढायला तोंडच नाही. वैल नाही, म्हणजे शेजारी दुसरं भांडं ठेवायची जागा नाही, एका वेळी एकच भांडं. आमच्या घरात सहा माणसांच्या वीस-बावीस भाकऱ्या होतात. त्या होईपर्यंत कालवण गार, कालवण गरम करेपर्यंत भाकऱ्या कडक. शेवटी आईने शेगडी उचलून ठेवली आणि तीन विटा पुन्हा मांडल्या. मग कोणीतरी अहवालात लिहितो की बायका जुन्या सवयी सोडत नाहीत. माझ्या आईने सवय सोडली होती. तिला तिकडे परत तुम्ही ढकललंत.

आमच्या गल्लीत सतरा घरांना शेगड्या मिळाल्या होत्या. परवा दवाखान्यातून येऊन मी दारोदार विचारलं. दोन पेटतात. एकीत कांदे ठेवलेत.

मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कारण आगीतलं मला कळतं. फळ्या आणि काटक्या जाळणाऱ्या घराला रॉकेट पद्धतीची चूल द्या. बाजूला तोंड, आत कोपरात वाकलेला आणि चहूबाजूंनी उष्णतारोधक भरलेला उभा मार्ग, पंखा नाही, बॅटरी नाही, लाकूड लांबच्या लांब आत सरकवता येतं. खाली काढता-घालता येणारी लोखंडी जाळी द्या, म्हणजे करवंटी आणि ब्रिकेटला खालून हवा मिळेल. आतलं अस्तर भट्टीच्या विटेचं किंवा चांगल्या स्टेनलेसचं हवं. साध्या पत्र्याला त्या तापमानात वर्षभरात पापुद्रे सुटतात, मी सोडवून पाहिलेत. टोपाभोवती बोटभर फट ठेवून पत्र्याचं कडं लावलं की जळण आणखी वाचतं. हेही सांगितलं असतं की सगळं जळण सारखंच उत्तम जाळणारी शेगडी नसते. पेलेटला पंखा मानवतो, फळीला रॉकेट, ब्रिकेटला जाळी. बहुइंधन म्हणून जी मिळते ती तडजोड असते आणि कोणती तडजोड करायची हे स्वयंपाक करणाऱ्या बाईने ठरवायचं असतं. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊ नका असं ओरडून सांगितलं असतं. तिचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड झोपेत माणूस मारतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे दारं-खिडक्या बंदच असतात.

भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १३१५२. बिनपंख्याच्या चुलीने जळणातली किमान २५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी, पंख्याच्या चुलीने ३५ टक्के. धुरातल्या कणांचीही मर्यादा आहे. तुमच्या शेगडीवर तो शिक्का होता. पण चाचणी होते कोरड्या, मापाने कापलेल्या लाकडावर. जुलै महिन्यातल्या तुर्भ्याच्या ओल्या फळीवर कोणी चाचणी घेतली? आणि चांगल्यातली चांगली चूलसुद्धा गॅसची बरोबरी करत नाही, हे वाटणाऱ्यांनी आम्हाला सांगितलं नाही. धुराडं किंवा उघडी हवा तिलाही लागतेच.

मी हिशेब मांडला. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी, कोरड्या लाकडात ४,००० च्या आसपास. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के उष्णता भांड्याला लागते, तीन विटांच्या चुलीवर दहा-बारा टक्के. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला आई दोनशे किलोच्या वर लाकूड जाळते. २५ टक्क्यांची चूल असती तर शंभर किलोत भागलं असतं. तिने दर सिलिंडरच्या कामामागे शंभर किलो जास्तीचं लाकूड वेचलं, डोक्यावर आणलं, फोडलं आणि त्याचा धूर छातीत घेतला. हा हिशेब मांडायला मला अर्धं पान लागलं. तुमच्याकडे इंजिनीअर आहेत.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही, याचाच जास्त राग येतो. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला. साडेतीन कोटींच्या आसपास चुली झाल्या असं सरकार म्हणतं, आणि २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला. आमच्या माणच्या घरात त्यातली एक होती, धुराड्याची. नळी फुटली, बदलायला कोणी आलं नाही, आजीने ती पाडली. मग २००९ मध्ये नवा उपक्रम, २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान, २०१६ मध्ये उज्ज्वला. उज्ज्वलाने कोट्यवधी घरांत सिलिंडर नेला, ते खरंच मोठं काम आहे. पण २०१९-२० मध्ये त्या घरांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेतले, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास गेले. उरलेले महिने ती घरं कशावर शिजवतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभरपैकी वीस घरांत स्वच्छ इंधन नव्हतं. आमच्यासारखी दोन्ही ठेवणारी घरं त्या वीसमध्ये येतही नसतील. विद्या नाही म्हणावं तर पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा केला, २००२ मध्ये त्याला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाफेवर शिजवणाऱ्या सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशात घरचा डाळभात होतो. माणसं आहेत, ज्ञान आहे. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी किती वाटल्या ते मोजता, किती पेटतात ते मोजत नाही. ज्याची किंमत सर्वांत कमी त्याचं टेंडर, निवडणुकीच्या आधी मांडव, आणि नंतर फोन लागत नाही.

आमच्या वस्तीपासून दोनशे-तीनशे पावलांवर पाइप गॅसची लाइन आहे. ती पलीकडच्या टॉवरमध्ये जाते. आमच्या जागेला कागद नाहीत म्हणून आमच्याकडे वळत नाही. याच जागेवर माझं मतदार ओळखपत्र आहे, विजेचा मीटर आहे, आईचं रेशन कार्ड आहे. मत घ्यायला हा पत्ता चालतो. ज्यांनी खडी फोडली त्यांच्या खडीवर ते टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्याच घरात पाइप यायला कागद आडवा येतो. या राज्यात कारखान्याच्या बॉयलरला पत्ता आहे आणि माझ्या आईला नाही, असं मी म्हणतो ते रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो.

मागणं थोडं आहे. पाइप द्या. तो येईपर्यंत पुन्हा शेगडी देणार असाल तर आधी आमच्या तीन-चार घरांत पावसाळ्यात महिनाभर ठेवा, आमच्या जळणावर, आणि ठेवायची की नाही ते बायकांना ठरवू द्या. सुटे भाग तुर्भे नाक्यावर मिळतील एवढं बघा. दुरुस्तीला माणूस नसेल तर मी आठवड्याच्या सुट्टीला बसेन, पैसे नकोत. आणि वर्षभराने कोणालातरी पाठवा, त्याने दारोदार जाऊन पेटलेल्या शेगड्या मोजाव्यात.

आईला गुरुवारी घरी सोडतील. ऑक्सिजनची नळी काढली की तिचा पहिला प्रश्न असतो, पोरांनी काय खाल्लं. सिलिंडर अजून आलेला नाही, शेगडी बंद आहे, विटा मी काल फोडून टाकल्या. गुरुवारी संध्याकाळी सहा जणांच्या भाकऱ्या कशावर करायच्या, ते तोवर कळवा.

आपला,
एक बॉयलर अटेंडंट
तुर्भे, नवी मुंबई