गुरुवारी वायरमन येतोय

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते आणि विषय तिथेच मिटला असता, म्हणून लिहितेय. येत्या गुरुवारी सकाळी आठला वायरमन येईल. घरभर धुराचे अलार्म बसवायचेत, विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले. पैसे भरून झालेत. परत पाठवू नका, मी पुन्हा तुमच्याच खात्यात टाकीन.

दिवाळीला ब्रिस्बेनला आले होते तेव्हा सिंकखाली, फडक्यांच्या मागे, दुधाचं पातेलं सापडलं. बूड कोळशासारखं काळं, आणि मध्ये बाबांनी घासघासून रुपयाएवढी जागा चकचकीत केलेली. मी काही बोलले नाही. डोळा कुणाचाही लागतो गं आई, माझा तर मीटिंगमध्ये लागतो. पण मग पॅसेजच्या छताकडे बघितलं तर तिथे नुसती गोल चकती. अलार्म बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात, बॅटरी काढलेला. तेव्हा आठवलं. तीन वर्षांपूर्वी तूच फोनवर म्हणालीस, 'मिरचीची फोडणी घातली की मेला बोंबलतो, यांना टॉवेल घेऊन वारा घालत उभं राहावं लागतं.' मी कुठल्याशा गडबडीत म्हणाले, 'मग काढून ठेवा ना.' एरवी माझं एक ऐकत नाही तुम्ही. नेमकं तेवढं ऐकलंत.

बाबा, कायद्याचंच म्हणाल तर क्वीन्सलँडमध्ये १ जानेवारी २०२७ पासून स्वतः राहत असलेल्या घरालाही हे सक्तीचं आहे. प्रत्येक बेडरूममध्ये एक, शिवाय पॅसेजमध्ये. २०११ साली स्लॅक्स क्रीकला एका घराला आग लागून ११ माणसं गेली, त्यानंतर हा कायदा आला. तेव्हा आठवडाभर तुम्ही रात्री उठून स्वयंपाकघरात फेरी मारत होतात, मला माहितेय. दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे अलार्म आपल्या घराला कायद्यानं चालतात आणि स्वस्तही पडतात, हे तुम्ही काढून दाखवणारच, म्हणून आधीच कबूल करते. पण ते तुम्ही स्टुलावर चढून काढाल. विजेच्या वायरीला तुम्ही हात लावत नाही, एवढा माझा हिशेब. 'लाईट गेली तर?' हा मिरजेच्या माणसाचा प्रश्नही ठाऊक आहे. आत बॅटरी असतेच. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड वादळात लाखो घरांची वीज गेली, तशा वेळीही हे वाजतील.

आई, जुना होता तो आयनायझेशनचा, त्याला तव्यावरचे बारीक कणही खपायचे नाहीत. हे प्रकाशावर चालतात. आत धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि अलार्म वाजतो, गादी नुसती धुमसत असली तरी लवकर कळतं. स्वयंपाकघरात लावणार नाही आणि पॅसेजमधलाही ओट्यापासून जमेल तितका लांब. फोडणी खुशाल घाल. वाजलाच तर बटण दाब, थोडा वेळ गप्प बसतो. देवघराची खोली कागदोपत्री बेडरूम आहे, तिथे मात्र येणारच. नवरात्रातला नंदादीप नऊ दिवस तेवू दे, त्याला काही आड येत नाही. धूप घालताना खिडकी उघड, बस.

आणि बाबा, रात्री तुम्ही कानातलं यंत्र काढून ठेवता (काढायलाच हवं, कानांनाही विश्रांती हवी). म्हणून एक वाजला की सगळे वाजतील, आणि तुमच्या उशीखाली एक थरथरणारी चकती असेल. मी डोकं ठेवून बघितलंय, उशीत कुणी भुंगा कोंडल्यासारखं वाटतं. तुम्ही उठालच.

मिरजेच्या घरी रात्री तुम्ही गॅसचा रेग्युलेटर बंद करायचात त्याचा 'खट्' आवाज आल्याशिवाय मी वाकळीत डोळे मिटत नव्हते. मग कडी, मग तुमच्या चपला. इथे मेलबर्नला रात्री दोनला जाग येते तेव्हा तुमच्याकडचा तसा कुठलाच आवाज मला ऐकू येत नाही.

तर आता ऐका. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं, स्टुलावर न चढता, झाडूच्या दांड्यानं. आई संकष्टी विसरत नाही, त्याच दिवशी उरकायचं. दिवाळीच्या साफसफाईत व्हॅक्यूम फिरवायचा. रंगवाल्याला त्यावर ब्रश मारू द्यायचा नाही. खरंच वाजला आणि धूर दिसला तर दोघांनी आधी बाहेर, मग ००० वर आगीच्या बंबाला फोन. पासपोर्ट, सोनं, कशासाठीही परत आत नाही. बाळकृष्ण आजीचा आहे, मला माहितेय. तरीही नाही.

गुरुवारी थोडा वेळ वीज बंद राहील, क्रिकेट आधी बघून घ्या. पलंगावर जुनी चादर टाका, छताची धूळ पडेल. बाबा, शिडी तो धरेल, तुम्ही नाही. आई, तुझा उपास असेल, त्याच्यासाठी पोहे करत बसू नकोस. बरं, कर. पण मिरची कमी घाल, तो गोरा आहे.

तुमची,
चिमी

ता. क. पातेलं टाकून द्या. नवीन पाठवलंय, जाड बुडाचं.