एकक बदलले, आलेख तोच राहिला : एएफपी अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पॅथॉलॉजी विभाग, इंदूर

विषय : ॲपमधील चुकीचा आलेख, न मागितलेली तपासणी आणि आजार परत येण्याबद्दलचा शेरा

महोदय,

माझ्या यजमानांच्या (वय ६८) यकृतातली कॅन्सरची गाठ गेल्या वर्षी मुंबईत शस्त्रक्रिया करून काढली. तेव्हापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठरावीक महिन्यांनी त्यांची एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन), ही तपासणी आपल्याकडे होते. शस्त्रक्रियेआधी हा आकडा ४८० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर होता. गाठ पूर्ण निघाली असेल तर रक्तातलं एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं, पुन्हा तितक्याच दिवसांत त्याच्या निम्मं, असं उतरत जातं. तसंच ते उतरलं आणि पाचच्या आसपास टिकलं. आमच्या घरात त्या पाचला किती मान आहे हे आपल्याला सांगून कळणार नाही.

डिसेंबरचा निकाल शुक्रवारी रात्री ॲपवर आला. लाल बाण, '२२ टक्के वाढ', आणि आलेखावर सप्टेंबरच्या ५.० वरून ६.१ वर चढलेली रेघ. वरची मर्यादा ५.८ दाखवलेली, म्हणजे आकडा तिच्याही वर. पीडीएफ दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि तिच्यात ६.१ च्या पुढे 'नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर' छापलं होतं, सामान्य मर्यादा ७.० पर्यंत. आधीचे सगळे अहवाल आययू प्रति मिलिलिटरमध्ये होते.

मी निवृत्त होईपर्यंत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. एकक न लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण मी कापत असे. एएफपीचं एक आययू म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. ६.१ ला १.२१ ने भागा, उत्तर ५.०४ येतं. मर्यादेचंही तसंच : ५.८ गुणिले १.२१ म्हणजे ७.०. थोडक्यात, सप्टेंबर ते डिसेंबर काहीही वाढलेलं नाही. आपण एकक बदललंत, ॲपने जुन्या मर्यादेवर नवा आकडा टाकला आणि दोन्ही एका रेघेने जोडले. तोवर मुलगा पुण्याहून रात्रीच्या बसने निघाला होता आणि यजमानांनी जेवण सोडलं होतं.

हा तांत्रिक गोंधळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. या आजारात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये गाठ पुन्हा उद्भवते, त्यातही पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची. म्हणून एएफपीच्या एकट्या आकड्यापेक्षा त्याचा कल पाहतात. कल पाहायचा तर एकक एकच हवं आणि पद्धतही एकच हवी, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात. आपल्या अहवालावर पद्धतीचं नावसुद्धा नाही. ती बदलली की नाही, हे मी कशावरून ओळखायचं?

दुसरी गोष्ट याहून संतापजनक आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त एएफपी आणि यकृताच्या नेहमीच्या तपासण्या लिहिल्या होत्या. आपल्या कॉल सेंटरने 'थोडे पैसे जास्त, पण पूर्ण पॅकेज' असं सांगून यजमानांना पिव्हका-२ ही यकृताच्या कॅन्सरसाठीच वापरली जाणारी आणखी एक रक्ततपासणी विकली. त्यांच्या हृदयाची झडप कृत्रिम आहे, ते रोज वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या टाळणारं औषध घेतात, आणि ते आपल्याच फॉर्मवर लिहिलेलं आहे. व्हिटॅमिन के चं काम अडलं की यकृतात जे अर्धवट प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं प्रथिन) तयार होतं, तेच पिव्हका-२. वॉरफरिन नेमकं व्हिटॅमिन के चं काम अडवतं. अशा माणसात हा आकडा गाठ असो नसो, वाढणारच. तो हजारांत आला. आणि त्याच्या जोरावर आपल्या 'स्मार्ट रिपोर्ट'ने खाली शेरा मारला : 'आजार परत येण्याची शक्यता : जास्त.'

हा शेरा लिहिला कोणी? गाठ केवढी होती, किती होत्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरली होती का, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त होत्या का, उरलेल्या यकृताला सिरोसिस आहे का, यातलं काहीही आपल्याकडे नाही. डॉक्टर हे सगळं आणि सोबत अल्ब्युमिन, बिलिरुबिन, सीटी स्कॅन पाहून बोलतात, तेही जपून. एएफपी सामान्य असूनही गाठ असू शकते, म्हणून तर स्कॅन करतात. सोमवारी त्यांनी अहवाल पाहिला आणि मी म्हटलं तेच सांगितलं.

फोन केला तर उत्तर मिळालं, "मैम, रिपोर्ट तो रेंज में है, ॲप ऑटोमेटिक है." रेंजमध्ये आहे हे मला ठाऊक आहे. लाल बाण कोणी काढला ते विचारत होते.

प्रयोगशाळांच्या मान्यतेसाठी जो आयएसओ १५१८९ हा मानक आहे, त्यात तपासणीची पद्धत बदलल्याने निकालाच्या अर्थात फरक पडणार असेल, तर तसं वापरणाऱ्यांना कळवणं अपेक्षित आहे. तेव्हा, डिसेंबरचा अहवाल 'सुधारित' अशी स्पष्ट नोंद करून पुन्हा द्यावा, त्यावर पद्धतीचं नाव आणि दोन्ही एककांतले आकडे असावेत. तो शेरा काढून टाकावा. पिव्हका-२ चे पैसे परत करावेत. आणि ज्या ज्या रुग्णांच्या आलेखात दोन एककं एका रेघेने जोडली गेली आहेत, त्या सगळ्यांना आपणहून कळवावं. त्यांच्या घरी भागाकार करणारं कोणी असेलच असं नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तोवर जुन्या पद्धतीने तपासणी करून मिळणार की नाही तेही कळवावं, म्हणजे नमुना कुठे द्यायचा ते मला ठरवता येईल.

आपली ग्राहक,
(सही)
लोकमान्यनगर, इंदूर

सोबत : सप्टेंबर व डिसेंबरचे अहवाल, ॲपचा स्क्रीनशॉट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल यांच्या प्रती