काचेत नको, चालू मशिनं हवीत

माननीय संपादक,

डिजिटल साक्षरता, सायबर सुरक्षा, एआय यावर सध्या कॉलेजांमधून किती कार्यक्रम होतायत, आपल्या पेपरातही त्याच्या बातम्या येतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यात एक गोष्ट मला कुठेच दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मोबाईलवर आपण जे करतो ते असंच का करतो हे मुलांना खरंच कळायला हवं असेल तर त्यांच्या हातात जुनी मशिनं द्या, टाइपरायटर, सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढायचं मशीन), टेपरेकॉर्डर, फ्लॉपीवाला कॉम्प्युटर, आणि तीही चालू असलेली. नुसते स्लाइडवर फोटो दाखवून काही कळत नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावायचं काम करते, नव्वदच्या दशकापासून. त्याआधी मराठी टायपिंग शिकले, रेमिंग्टन कीबोर्डवर, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर. म्हणून माझ्या धंद्यातलंच उदाहरण देते, कारण ते मला आतून माहितीय. मराठी टाइपरायटरवर 'कि' मारायचा तर आधी पहिली वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे बसते आणि मशीन डावीकडून उजवीकडेच जाणार. रफार मात्र अक्षर झाल्यावर. आणि भ, श, ण अशा अक्षरांना स्वतःची पूर्ण कळच नाही, अर्धं अक्षर मारायचं आणि त्याला काना जोडायचा. देवनागरीची एवढी जोडाक्षरं आणि कळा इंग्रजी मशीनएवढ्याच, तेव्हा कुणीतरी डोकं लावून अक्षरांचे तुकडे पाडले आणि ते तुकडे जोडून मराठी उभं केलं. मशीनवर बसल्याशिवाय यातली हुशारी लक्षातच येत नाही.

पुढे कॉम्प्युटर आला तरी ते तुकडे गेले नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागा, सगळ्या मिळून २५६ घरं, त्यात प्रत्येक कंपनीनं आपापल्या मनानं काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली, आणि फाईलमध्ये साठायचं ते दिसण्याच्या क्रमानं, म्हणजे टाइपरायटरसारखंच, वेलांटी आधी. दुसऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर फाईल उघडली की नुसती इंग्रजी चिन्हांची रांग. आम्ही डीटीपीवाले म्हणतो फॉन्ट लागला नाही. दुसरीकडे सरकारनं १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला, १९८८ मध्ये इस्की नावाचं, प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणारं कोडिंग आलं, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेनं कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या चालवणारं जिस्ट कार्ड काढलं, आणि युनिकोड हे जगभरच्या लिप्यांचं एकच कोडिंग १९९१ मध्ये आलं तेव्हा त्यातली देवनागरी इस्कीवरूनच घेतली. यात क्रम उच्चाराचा, आधी क मग वेलांटी. म्हणजे जुनी फाईल युनिकोडमध्ये आणायची तर प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवायला लागते, आणि कन्व्हर्टर तिथेच चुकतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार गायब होतो. असा मजकूर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलाय आणि ऑपरेटरला नावं ठेवलीयत. त्या चुकीचं मूळ लोखंडी मशीनमध्ये आहे हे कुणी सांगत नाही.

आणि हे नुसतं जुनं नाही. 'किनाऱ्यावर' हा शब्द आजही कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतीनं साठतो, एकदा खाली टिंब असलेला ऱ वापरून, एकदा साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण साध्या सर्चला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एका पद्धतीनं शोधलं तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं सापडेलच असं नाही. एआय मराठी शिकतं ते कॉम्प्युटरवर साठलेल्या याच मजकुराच्या ढिगातून. मग त्या ढिगात काय आहे आणि काय राहून गेलंय हे कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाला माहीत नको का?

मध्यंतरी एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकांची सीडी माझ्याकडे आली. त्यात गावातल्या लोकांच्या आठवणी, कोण कधी कुठल्या वाड्यात राहायचं, तलावपाळीच्या आसपास काय काय होतं, असं बरंच. नवीन कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं. सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो डबीसारखा प्लग, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारं, तसा पोर्ट आता नव्या कॉम्प्युटरला सहसा नसतो. माझ्याकडे विंडोज ९८ चा एक डबा मी जपून ठेवलाय, घरच्यांचं ऐकलं असतं तर केव्हाच भंगारात गेला असता, त्याच्यावर ती उघडली, मग प्रिंट काढून पुन्हा टाइप केली. अशा किती सीड्या, किती फ्लॉप्या ठाण्यातल्या मंडळांच्या, शाळांच्या, छोट्या प्रेसच्या कपाटात पडून असतील! ॲडोबीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालवणंही बंद केलं, म्हणजे अजून एक दार लागलं.

एसएमएसचंही तसंच. आपली पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात म्हणून आपण त्यांना रागावतो, पण ही सवय कुठून आली? एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइटची, त्यात इंग्रजी अक्षरं १६० मावतात आणि देवनागरी फक्त ७०. म्हणजे जरा मोठा निरोप मराठीत पाठवला की एकाऐवजी दोन-तीन मेसेजचे पैसे, वर समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसली तर नुसते चौकोन दिसणार. अशा वेळी लोकांनी स्वस्तातला आणि पोचणारा रस्ता धरला यात त्यांचं काय चुकलं, मातृभाषेवरचं प्रेम कमी झालं म्हणून नाही झालं हे. ट्विटरची सुरुवातीच्या काळातली १४० अक्षरांची मर्यादाही एसएमएसमुळेच, १६० पैकी २० नावासाठी बाजूला ठेवली होती. एक जुना साधा फोन मुलांच्या हातात देऊन त्यांना मराठीत निरोप टाइप करायला सांगा, पाच मिनिटांत त्यांना जे कळेल ते माझ्या या सगळ्या पत्रातून कळणार नाही.

तार ऑफिसातून पाठवायच्या तारेचंही असंच, शुभेच्छांना नंबर ठरलेले असायचे, नुसता नंबर दिला की पलीकडे अख्खं वाक्य छापून जायचं. तयार शुभेच्छा पाठवायची सवय व्हॉट्सॲपनं लावलेली नाही. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली.

कॅसेटबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं. ज्या शाहिरांना, गायकांना मोठ्या कंपन्यांनी आणि रेडिओनं फारसं विचारलं नाही त्यांची गाणी छोट्या कंपन्यांच्या कॅसेटवर निघाली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ती स्टॉलवर विकली गेली, मग एकाच्या टेपवरून दुसऱ्याच्या टेपवर कॉपी होत वस्त्यावस्त्यांत पोचली. प्रत्येक कॉपीला आवाज थोडा खराब व्हायचा, तरी लोक ऐकायचे. आज कुणी घरबसल्या व्हिडिओ टाकतो आणि तो लाखो लोक बघतात, त्याचा एक आजोबा इथे आहे. सायक्लोस्टाइलचंही तेच, 'शब्द' हे अनियतकालिक मुंबईत १९५४ मध्ये तरुण कवींनी सायक्लोस्टाइलवर काढलं, कुठल्या प्रकाशकाची वाट बघितली नाही. पण कॅसेटची टेप चिकटते, तिला बुरशी लागते, आणि ती वाजवायला चांगलं मशीन लागतं. यातलं किती आपण डिजिटल करून ठेवलंय? ऑर्कुट ही सोशल मीडियाची साइट तर आजचीच म्हणायची, त्यावरच्या मराठी कम्युनिट्या, त्यातल्या गप्पा, भांडणं, कविता, ३० सप्टेंबर २०१४ ला साइट बंद झाली आणि आता ते वाचायची सोय नाही.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज केवढाले डेटा सेंटर उभे आहेत. ठाणे-बेलापूर रोडनं जाणाऱ्याला बाहेरून फक्त भिंती आणि जनरेटर दिसतात, आत काय चालतं कळायला मार्ग नाही. आणि खाडीपलीकडे मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी टिफ्रॅक हा कॉम्प्युटर बांधला, १९६० मध्ये तो चालू झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं. त्याची मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात १० केबी. त्यात सकाळी फॉरवर्ड होणारं फुलांचं एक चित्रसुद्धा मावणार नाही, पण संशोधकांनी त्यावर खरी गणितं सोडवली. त्या मशीनपासून या भिंतींपर्यंतची गोष्ट नवी मुंबईच्या मुलांना सांगायला नको का? बँकांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा युनियनचा विरोध, मग तडजोड, बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दलचा १९८४ चा रंगराजन समितीचा रिपोर्ट, खातेवहीतल्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंगची मशिनं, हे सगळं अनुभवलेले लोक आज रिटायर होऊन आपल्याच सोसायट्यांमध्ये राहतात. एआयनं नोकऱ्या जातील का असं विचारणाऱ्या मुलांनी आधी त्यांच्याशी बोलावं, नोकऱ्या गेल्या का, कामाचं काय झालं, कोण शिकलं आणि कोण मागे राहिलं, ते नीट सांगतील.

जुनी माध्यमं आणि यंत्रं अशी उकरून अभ्यासायच्या या विषयाला परदेशात मीडिया आर्किऑलॉजी म्हणतात. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसमध्ये २००९ पासून अशी लॅब आहे, तिथे जुने कॉम्प्युटर चालू ठेवलेत आणि विद्यार्थी त्यांच्यावर बसून काम करतात. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातही जुन्या यंत्रांचा असा संग्रह आहे. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर मला आवडतं, पण मला ठाण्यात एक साधी खोली हवीय, जिथे या जुन्या मशिनांवर बसून काम करायची परवानगी असेल. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, पुस्तकं जपायची अक्कल आणि परंपरा या गावाकडे आहेच. एखाद्या कॉलेजनं जागा द्यावी, ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी थोडा खर्च उचलावा, मास मीडिया आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी मिळून ती चालवावी. टाइपरायटर दुरुस्त करणारे आता थोडेच उरलेत, त्यांच्याकडून दोन मुलं तरी शिकून घेतील.

आणि ई-कचऱ्याची गाडी सोसायटीत येते तेव्हा आपल्या वाचकांनी एवढं करावं, चालू फ्लॉपी ड्राइव्ह, टेपरेकॉर्डर, प्रिंटर पोर्टवाला जुना सीपीयू, सॉफ्टवेअरचं लॉक यातलं काही असेल तर आधी बाजूला काढावं. फ्लॉप्या सगळ्यात आधी बघा, त्यांच्यावरचा मजकूर काळाबरोबर आपोआप जातो. अशी खोली कुणी काढणार असेल तर माझा विंडोज ९८ चा डबा आणि मराठी टाइपरायटर मी देईन, आणि रेमिंग्टन कीबोर्ड शिकवायला शनिवारी दुपारी येईन.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर, नौपाडा, ठाणे